मार्सालूंचा अडतीस

२ जानेवारी, गुरुवार

नव्या वर्षाचे संकल्प लिहायला वही उघडली आणि लक्षात आलं, मला संकल्पाची गरजच नाही. ज्यांचं काही बिघडलंय त्यांनी करावेत. माझं वय एकोणपन्नास, कपड्यांचं माप अडतीस. बावीस वर्षांपूर्वी मार्सालूंच्या फॅशन घराण्यात नोकरीला लागले तेव्हा अडतीस, आजही अडतीस.

आणि नुसतं माझं माप अडतीस नाही, मार्सालूंचा अडतीस म्हणजेच मी. आमचे शिंपी तेर्झियाँ मास्तर नवा कोट बेततात तो माझ्या अंगावर. कच्चं कापड माझ्याभोवती टाचण्यांनी टाचायचं, मग उतरवून त्याचा कागद कापायचा, त्या कागदावरून कारखान्यात हजारो कोट. उत्तरेतल्या लीलपासून दक्षिणेतल्या नीसपर्यंत जी बाई मार्सालूंचा अडतीस चढवते, ती माझ्या अंगात शिरते. हे थोरल्या बहिणीला, एडविजला, सांगितलं तर म्हणाली, म्हणजे तू त्यांची खुंटी. जळते मेली. स्वतःचं माप चव्वेचाळीस, आणि ते चारचौघांत मोठ्याने सांगते. लाज कशी ती नाही.

६ जानेवारी, सोमवार

ऑफिसात राजांच्या सणाची गालेत, बदामाचा गोल केक. आत लपवलेला चिनीमातीचा राजा पहिल्या तुकड्यात निघाला नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात निघाला. तो सापडला की मिळणारा सोनेरी मुकुट डोक्याला घट्ट झाला. हल्ली सगळंच लहान बनवतात.

८ जानेवारी, बुधवार

सेलचा पहिला दिवस. नऊच्या ठोक्याला बुलेव्हारवर हजर. मला काही घ्यायचं नव्हतं. बाकीची घराणी काय दिवे लावतायत ते बघायचं होतं.

पहिल्या दुकानात अडतीसची पँट गुडघ्यावर अडली. दुसऱ्यात मांडीवर. तिसऱ्यात कमरेपर्यंत आली, पण बटण आणि काज यांची भेट काही होईना. दोन्ही बाजूंनी मी बरीच मध्यस्थी केली. चौथ्या दुकानात अडतीस-चाळीस ही भानगडच नाही. शून्य, एक, दोन, तीन असे आकडे, बालवाडीसारखे. तिथल्या पोरीने मला दारातच पाहून तीन आणला. मी म्हटलं, बाळ, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी या धंद्यात आहे. म्हणते, हो मादाम, म्हणूनच तीन आणला.

निष्कर्ष: कापड महागलंय आणि सगळे चोरून कापतात. अडतीसला अडतीस म्हणणारं घराणं देशात एकच उरलंय.

गुडघ्यावर अडलेली पँट विकत घेतली. पुरावा म्हणून. सेलचा माल परत घेत नाहीत, पण पुरावा परत करायचा नसतोच.

१२ जानेवारी, रविवार

एडविजकडे जेवण. वासराच्या मांसाचा पांढरा रस्सा, वर क्रीम. तिने फोनवर कुठल्या बायकांच्या गप्पा वाचून दाखवल्या. एकीने विचारलंय, मार्सालूंचे कपडे कोणत्या मापाचे घ्यावेत? बाकीच्यांची उत्तरं, दोन-तीन मापं खालचं घ्या. एक म्हणते, एरवी मी चव्वेचाळीस, तिथं अडतीस, देव त्यांचं भलं करो.

मी म्हटलं, बघ, आमचं घराणं किती उदार. एडविज म्हणाली, उदार नाही गं बाई, ढगळ. दुसऱ्यांदा वाढून घेतलं ते निव्वळ वाद टाळायला.

२० जानेवारी, सोमवार

वाईट दिवस.

मालकीणबाई मादाम मार्सालूंनी अर्धा धंदा विकला. थकल्यात, ऐंशीला आल्यात. त्यांच्या जागी कास्तें नावाचा डायरेक्टर आलाय. वय चौतीस, पांढरे बूट, मोजे नाहीत. जानेवारीत! मीटिंग घेतली. म्हणाला, तरुण मुली आपल्याकडून ऑनलाइन मागवतात आणि निम्मा माल परत पाठवतात. रेन शहरातल्या एका मुलीचं पत्र वाचलं: अडतीसचा ड्रेस आला, त्यात मी आणि माझी मैत्रीण दोघी मावतो. फोटोही जोडला होता, दोघी खरंच आत. मी हसले. बाकी कुणी हसलं नाही.

कास्तें म्हणाला, आपला अडतीस नक्की कुणाचा अडतीस आहे ते चौदा मार्चला पाहू. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न केला.

घरी येऊन करार काढला. तिसऱ्या पानावर आहे: छाती अठ्ठ्याऐंशी, कंबर अडुसष्ट, नितंब चौऱ्याण्णव, यात दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर करार संपला. मला कसली भीती? दर सप्टेंबरात मास्तर माप घेतात आणि मोठ्याने म्हणतात, अठ्ठ्याऐंशी, अडुसष्ट, चौऱ्याण्णव. बावीस वर्षं हेच. टेप माझ्याभोवती नीट फिरायच्या आतच त्यांच्या तोंडून आकडे निघतात, इतकी मी ठरलेली आहे.

तरी एखादा किलो कमी केलेला बरा. नोकरी गेली तर पन्नाशीच्या बाईला दुसरं कोण उभं करेल? आणि मला उभं राहण्याखेरीज काही येत नाही. हे फक्त वहीत.

२१ जानेवारी, मंगळवार

सात दिवस फक्त कोबीचं सूप. वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. फार हलकं वाटतंय.

२२ जानेवारी, बुधवार

कोबी.

२३ जानेवारी, गुरुवार

कोबी. शेजारच्या मादाम ब्रिसोंनी दार ठोठावून विचारलं, तुमचीही मोरी तुंबलीय का?

२४ जानेवारी, शुक्रवार

कोबी माझ्या प्रकृतीला मानवत नाही. शिवाय ब्रेडशिवाय सूप म्हणजे आजारपण, आणि लोण्याशिवाय ब्रेड म्हणजे तुरुंग. डाएट आटोपलं. चार दिवसांत जो फरक पडायचा तो पडलाच.

२ फेब्रुवारी, रविवार

क्रेपचा, म्हणजे पातळ गोड धिरड्यांचा, सण. डाव्या मुठीत नाणं धरून उजव्या हाताने क्रेप उडवून उलटली की वर्षभर बरकत. पहिली फरशीवर पडली. आज ना उद्या बरकतीची गरज लागणारच, म्हणून अकरा उलटल्या. अन्न टाकू नये.

१० फेब्रुवारी, सोमवार

पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर नाव घातलं. वर्षाचा पास. रबरी टोपी सक्तीची. पोहले सात मिनिटं, मग टोपीने कपाळ ठणकू लागलं. समोरच्या कॅफेत जरा बसले. पोहल्यावर भूक लागते हे डॉक्टरही मानतात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

फार्मसीतून कंबर बारीक करणारं क्रीम आणलं. अठ्ठावीस दिवसांत दोन सेंटिमीटर, असं ट्यूबवर छापलंय. चौपट लावलं तर सात दिवसांत काम होईल. साधा हिशोब आहे, पण बायका डोकं चालवत नाहीत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पोट, पाठ, मांड्या लालभडक. आग आग होतेय. बसता येत नाही. माझा धंदा उभं राहण्याचा, म्हणून निभावलं. मास्तरांनी कापड टाचताना विचारलं, काही भाजलंय का? मी म्हटलं, तब्येत.

५ मार्च, बुधवार

मास्तरांना कोपऱ्यावर कॉफीला नेलं. सत्तरी गाठलेला माणूस, बोटांना टाचण्यांचे घट्टे. गोड बोलून सांगितलं, चौदाला माप घ्याल तेव्हा टेप जरा ओढून धरा. म्हणाले, बाई, टेप रबराची नसते. मी म्हटलं, बावीस वर्षांची ओळख, मास्तर. त्यावर बराच वेळ साखर ढवळत बसले. मग म्हणाले, तुम्ही एकदा घरी स्वतःच का नाही मोजत?

हा सल्ला मला! न्हाव्याने स्वतःचं डोकं भादरावं का? शिवाय घरात टेप नाही. शिवणाच्या डब्यात असेल, पण डबा वरच्या फळीवर आहे.

१३ मार्च, गुरुवार

उद्या माप. कालपासून नुसता चहा. जिन्यात भिंत धरून उतरले. डोळ्यांपुढे काजवे, पण कंबर आत गेलीय, जाणवतंय.

संध्याकाळी सहा. ऑफिसातून फोन: उद्या मेट्रोचा संप, माप अठ्ठावीस तारखेला. देव आहे! आणि तो कामगार संघटनेत आहे.

साडेसहा. उपास सोडला. बागेत नावाचा अख्खा लांब पाव, अर्धं कामाँबेर चीज. उरलेलं अर्धं एकटं काय करणार, म्हणून तेही.

२८ मार्च, शुक्रवार

लिहायचं नव्हतं. लिहिते.

मी श्वास कोंडून तयार होते, पण कास्तेंने टेप मागवलीच नाही. तळघरातून पुतळा आणवला. मी लागले त्या वर्षी माझ्या मापाचा लाकडी पुतळा करून घेतला होता. मानेवर शाईने लिहिलंय: गिस्लेन, ३८. मी तर तो विसरूनच गेले होते. त्याच्या अंगावर येत्या हिवाळ्याचा कोट चढवला, गेल्या महिन्यात माझ्यावर बेतलेला. माझ्यावर तो मापात बसतो. पुतळ्यावरून ओघळला. खांदे खाली, कंबरेपाशी एवढी पोकळी की कास्तेंने आत हात घालून फिरवून दाखवला.

मी ताबडतोब म्हटलं, तळघरात ओल आहे, पुतळा आकसलाय.

कास्तें म्हणाला, लाकूड ओलीने फुगतं, मादाम. आकसत नाही.

मग टेप. मास्तरांनीच घेतली. दरवेळी खणखणीत बोलणारा माणूस, आज पुटपुटला. अठ्ठ्याण्णव. ऐंशी. एकशे पाच. लिहून घेणाऱ्या मुलीने विचारलं, पुन्हा सांगता का? त्यांना ते तिन्ही आकडे पुन्हा, मोठ्याने सांगावे लागले.

टेप जुनी आहे, आकसली असणार.

३१ मार्च, सोमवार

मादाम मार्सालूंनी घरी बोलावलं. वाटलं, आता म्हातारी त्या बिनमोज्याच्याला जागा दाखवेल, म्हणेल गिस्लेनला हात लावाल तर याद राखा. चहा ओतला, बिस्किटं पुढे केली आणि म्हणाल्या, आम्हाला माहीत होतं.

मी म्हटलं, काय?

म्हणाल्या, सगळं. मास्तर मोठ्याने एक सांगायचा आणि खरे आकडे स्वतःच्या खिशातल्या वहीत लिहायचा. दर सप्टेंबरात संध्याकाळी ती वही मला आणून दाखवायचा. मीच त्याला तसं सांगितलं होतं.

मग मला ठेवलंत कशाला?

तर हसल्या. म्हणाल्या, अगं, माझी गिऱ्हाइकं म्हातारी होत होती. त्या सुटत होत्या, तूही सुटत होतीस, वर्षाला अर्धा सेंटिमीटर, अगदी इमानाने. ना त्यांच्या पुढे, ना मागे. लिमोजची एक बाई दर हंगामात यायची, म्हणायची, मादाम, अख्ख्या फ्रान्समध्ये फक्त तुमच्याकडे मी अजून अडतीस आहे. आणि चार कपडे घेऊन जायची. तुझ्यासारखी मला शोधून सापडली नसती, गिस्लेन.

हे सगळं प्रेमाने. माझा हात हातात घेऊन. शिवी दिली असती तर मीही चार सुनावल्या असत्या. मला बावीस वर्षं वाटत होतं, मी टिकले म्हणून ठेवलंय. मी सुटले म्हणून ठेवलं होतं. आता कास्तेंला पोरी हव्यात, लिमोजच्या बायका नकोत, म्हणून बोर्दोहून सोलेन नावाची तेवीस वर्षांची काडी आणलीय. ती नवा अडतीस.

मला काढत नाहीयेत म्हणे. मोठ्या मापांची वेगळी मालिका काढायची आहे, तिच्यासाठी चव्वेचाळीस हवा. पगार तोच, खिडकीजवळची जागा तीच, मास्तर तेच. फक्त नव्या करारावर सही करायची. त्यावर लिहिलेलं: माप ४४.

मी म्हटलं, माझं माप अडतीस आहे. बिस्किट तोंडात होतं, त्यामुळे नीट ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक.

१ एप्रिल, मंगळवार

राजीनामा. रजिस्टर पोस्टाने पाठवायचा, तो स्वतः नेऊन टेबलावर ठेवला, ताबडतोब परिणाम व्हावा म्हणून. कास्तेंने विचारलं, मादाम, आज एक एप्रिल आहे, थट्टा तर नाही ना? मी म्हटलं, मुळीच नाही. म्हणाला, मग ठीक. आणि पोच म्हणून सही केली. जरा थांबेल असं वाटलं होतं.

आठवड्याच्या आत नाक घासत येतील. माझ्या अटी: माफी, दहा टक्के वाढ, आणि तो पुतळा जाळायचा.

८ एप्रिल, मंगळवार

फोन नाही. माझी लाइन बिघडली असावी. एडविजला तिच्या फोनवरून मला लावायला सांगितलं. वाजला.

११ एप्रिल, शुक्रवार

माझा कप, आरसा, उभं राहायच्या सपाता ऑफिसातच राहिल्यात. मी गेले तर त्यांना वाटेल परत आले. म्हणून एडविजला पाठवलं. तासाभराचं काम, बाई चार तासांनी उगवली. म्हणाली, मास्तर फार भला माणूस आहे गं, कॉफी पाजली. कप आणायला विसरली.

२० एप्रिल, रविवार

ईस्टर. कोकराची तंगडी, चॉकलेटची कोंबडी. एडविज गप्प गप्प. एकही टोमणा नाही. आजारी असेल. कोंबडी मीच संपवली.

५ मे, सोमवार

आजारी नाही.

चव्वेचाळीसच्या करारावर एडविजने सही केलीय. माझ्या सख्ख्या बहिणीने! आठवड्यातून तीन दिवस, शाळेच्या खाणावळीतलं वाढपाचं काम सोडून. माझा कप आणायला गेली त्या दिवशी मास्तरांनी तिला दारातून आत येताना पाहिलं आणि विचारलं, बाई, दोन मिनिटं या खिडकीपाशी उभ्या राहता का? आणि ही राहिली! चार तास!

म्हणाली, तू नको म्हणालीस गं, तू नको म्हणालीस म्हणून. पंचवीस वर्षं मी उकडलेल्या बटाट्यांच्या वाफेत काढली. म्हणाली, मास्तर म्हणतात मी छान उभी राहते, पोट आत ओढत नाही.

मी तिला चोर म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं. आईच्या अंत्यविधीला ती उशिरा आली होती तेही काढलं. ती उलटून एक शब्द बोलली नाही, नुसती ऐकत राहिली, त्यामुळे मला फार वेळ बोलावं लागलं.

संकल्प: त्या घरात पाय ठेवणार नाही.

१२ जून, गुरुवार

रोजगार कचेरी. समोरच्या मुलाने विचारलं, आपलं कौशल्य? मी म्हटलं, उभं राहणं. त्याने यादीत शोधलं. तसा रकाना नाही म्हणे. बावीस वर्षांच्या अनुभवापुढे 'इतर' असं टिचकवलं.

२४ जुलै, गुरुवार

अजून काही नाही. एडविजचे तीन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. चौथा आलाच नाही. ही तिची माया.

१८ सप्टेंबर, गुरुवार

दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनची जागा आहे, मंगळवारी मुलाखत. घालायला काही नाही. मार्सालूंच्या जुन्या पँटी बसतात, पण त्या घालून दुसऱ्याच्या दारात जाणं नको वाटतं. आणि खरं सांगायचं तर त्याही हल्ली कुरकुरत बसतात.

२० सप्टेंबर, शनिवार

सात दुकानं फिरले. चाळीस मागितला. मग बेचाळीस, थंडीत आतून जाड काही घालायचं असतं म्हणून. कोणत्याही दोन दुकानांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत. एकीकडे बेचाळीस मांडीत रुतला, दुसरीकडे कमरेला आला आणि पायांत दोन वीत लांब. एका पोरीने पडद्याबाहेरून विचारलं, मादाम, मोठा आणू? मी म्हटलं, दिवा मोठा आणा, इथं दिसत नाही.

पाय ओढत शेवटी मार्सालूंच्या दुकानात. कुणी ओळखलं नाही. काचेजवळ सोलेनचे अडतीस टांगलेले, माझा दंड जाईल एवढे. मागच्या भिंतीला नवी मालिका. निळी पँट, चव्वेचाळीस. नुसती बघावी म्हणून आत नेली.

चढली. बटण लागलं. श्वास घेतला, तरी लागलेलंच राहिलं. बसून पाहिलं, वाकून पाहिलं. किती वर्षांत अशी पँट घातली नव्हती. पडद्याआड मी बराच वेळ तशीच उभी राहिले, आणि मला स्वतःचा इतका राग आला, आणि एडविजचा, आणि त्या मास्तरचा, की बाहेरच्या पोरीने विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, जरा सैल आहे, पण चालेल.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मुलाखत. डॉक्टर म्हणाले, कळवतो. जिना उतरत होते तोवर वरून आवाज आला, पुढची आत पाठवा. पुढची पंचवीसची होती.

पँट उत्तम बसली होती.

२८ सप्टेंबर, रविवार

एडविजकडे गेले. भांडायलाच. निळी पँट मुद्दाम घालून गेले, म्हणजे दारातच दिसावं की तुझ्या मापाची मला गरज पडली नाही, ही मला सैल होते. अख्ख्या मेट्रोत वाक्यं जुळवत होते.

तिने दार उघडलं. थकलेली दिसली, पायांना पट्ट्या बांधलेल्या. तीन-तीन तास उभं राहणं काय असतं ते मला कुणी सांगायला नको. तिची नजर पँटवर गेली. मी तोंड उघडायच्या आत तिने पुढे येऊन डाव्या बाजूची शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाली, सोडलंय की मास्तरांनी. बरं झालं.

मी म्हटलं, काय सोडलंय?

म्हणाली, इथं बोटभर जास्त सोडायला सांगितलं होतं मी. मला लागत नाही. पण जेवल्यावर तुझं या बाजूला फुगतं ना, लहानपणापासून, मग तू पाणी प्यायचं बंद करतेस. कास्तें नको म्हणत होता, शिवणीत बिघाड दिसतो म्हणे. मी म्हटलं, तसं नाही बेतलंत तर मी उभी राहणार नाही.

माझी जुळवलेली वाक्यं सगळी वाया गेली. कुणी माझ्यासाठी कधी हट्ट धरल्याचं मला आठवत नाही, आणि हिने धरला तो मी चोर म्हटल्यानंतर. रडू आलं. संताप आला म्हणून रडले, आणि तो संतापही पुरेना.

तिने विचारलं, कोणत्या मापाची घेतलीस?

मी म्हटलं, चव्वेचाळीस.

माहीत आहे गं, म्हणाली, आणि रस्सा गरम करायला आत गेली.